मिस्त्रीमामा, माझा एक लाखाचा तोटा केल्याबद्दल

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, ठेवा आता, लेथ चालू हाय" म्हणून फोन बंद करता. म्हणून लिहून काढतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेलच. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभे असलेले मामा शंभर तरी असतील, त्यामुळे तुमची रविवारची झोप शाबूत राहील.

आपली पहिली भेट आठवते? मी जुनी डुक्कर फियाट मोटार शोधत पुण्याहून एसटीने आलो होतो, खिशात २५ हजार इसाऱ्याचे. तुम्ही हातातलं काम न थांबवता विचारलंत, "डुक्कर फियाट कशाला हवी?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, की आमच्या आजोबांची होती. तुम्ही मान वर केलीत. "समद्यांच्या आजोबांची हुती. एवढ्या गाड्या कुर्ल्याला बनल्या तरी हुत्या का? खरं सांगा."

मग खरं सांगितलं. आमच्या वाड्यासमोर एक डॉक्टर राहायचे, त्यांची होती. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती. पुढची दोन्ही दारं उलटी उघडायची, आणि डॉक्टर पाय आधी बाहेर टाकून उतरायचे, एवढंच बघायला आम्ही कट्ट्यावर बसायचो. पन्नाशी उलटल्यावर माणसाला असली गोष्ट विकत घ्यावीशी वाटते, याला कारण म्हणायचं की खुळ, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही लेथ बंद केलात आणि म्हणालात, "आता बोलू."

तोवर मी दीड वर्ष हिंडलो होतो. फोनवर "डुक्कर आहे" म्हणायचे आणि जाऊन बघावं तर गोठ्यात पद्मिनी, म्हणजे नंतरची फियाट, उभी. हल्ली पद्मिनीलाच सगळे व्हिंटेज म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्यानंतर तर दारात पद्मिनी असलेला प्रत्येक जण स्वतःला संस्थानिक समजायला लागला. क्लबातली जुनी मंडळी १९३९ पर्यंतच्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात, सरकारी नियम ५० वर्षांवरची धरतो. मला त्या वादात पडायचं नव्हतं. मला ती गोल पाठीची, बसक्या नाकाचीच हवी होती. इटलीत हिला 'मिलेचेंतो' म्हणतात, म्हणजे नुसतं अकराशे. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात बनवली आणि आपल्या लोकांनी एका नजरेत तिचं डुक्कर केलं. नाव ठेवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

आता त्या मरून गाडीबद्दल. मला ती पहिल्या नजरेत पसंत होती. मरून आणि क्रीम रंग, क्रोम असं की दाढी करावी. विकणारा साडेचार लाखांवर अडून बसलेला. तुम्ही लुनावरून आलात, पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. फडकं कशाला विचारलं तर म्हणालात, "दुसऱ्याच्या रंगावर चरा पडू नये." ते चुंबक तुम्ही छतावर लावलंत, चिकटलं. बॉनेटवर लावलंत, चिकटलं. दारांखालच्या सिलवर लावलंत आणि ते टपकन खाली पडलं. पुढे सरकवून लावलंत, परत पडलं. बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला, खाली पत्रा नावालाही नाही.

मग पुढचं दार अर्धं उघडून दोन्ही हातांनी खालून उचललंत. ते अर्धा इंच वर गेलं आणि 'खळक' आवाज आला. तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी आता दुसऱ्यांना सांगत फिरतो. हिची पुढची दारं आणि मागची दारं, दोन्ही मधल्याच खांबाला अडकवलेली. एका खांबावर दोन दारांचं ओझं, आणि खांब उभा सिलवर. शिवाय जुन्या अकराशेसारखी हिला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणजे सिल कुजली की खांब बसतो, खांब बसला की दारं लोंबतात, आणि मग इंजिन कितीही गोड वाजलं तरी तुम्ही इंजिन घेतलंय, गाडी नाही. पुढे पद्मिनीत दारं सरळ झाली आणि हे दुखणं कमी झालं.

तरीही मी म्हणालो होतो, "मामा, सिल बदलू की." तुम्ही उत्तर दिलं नाहीत. काच वर-खाली करायचं हँडल काढलंत, दाराचा पॅड सैल केलात आणि आत दोन बोटं घातलीत. बाहेर आली ती राखाडी गाळाने माखलेली. विकणारा म्हणाला, "धूळ आहे, जुनी गाडी आहे." तुम्ही थुंकी लावून तो गाळ अंगठ्यावर चोळलात, माझ्या तळहातावर ठेवलात. लोण्यासारखा गुळगुळीत. "धूळ अशी नसती. ही पंचगंगा हाय. एकोणीसचा ऑगस्ट." २०१९ च्या पुरात ती गाडी बुडून राहिली होती आणि वरून नवरीसारखी सजवून उभी केली होती. "पावणं, रंग बघून घेता व्हय?" एवढंच बोलून तुम्ही पॅड होता तसा बसवलात, चारही स्क्रू आवळलेत, आणि मला चहाला नेलंत. माझे साडेचार लाख त्या चहाच्या पाच मिनिटांत वाचले. चहाचे पैसेही तुम्हीच दिलेत.

पुढच्या दोन गाड्यांना तुम्ही गाडीजवळ न जाताच नाही म्हणालात. एकीच्या ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत नव्हता. दुसरी विकणाऱ्याच्या नावावरच नव्हती, आणि ज्याच्या नावावर होती तो कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. "कागद नसंल तर ती गाडी न्हवं, भंगार हाय, किलोवर घ्या." दोन्ही वेळा मी चिडलो होतो. नाही ऐकायची सवय नसते हो माणसाला, विशेषतः पैसे घेऊन फिरत असताना.

आणि मग मिरज.

मिरजेच्या त्या बोळात आपण शिरलो तेव्हा शेडच्या दारावर गुळवेल चढलेली होती. गाडीवाल्या आजींनी कुलपाची किल्ली पदराला बांधून ठेवलेली. आत १९५७ ची डुक्कर, फिकट निळी, चारही टायर बसलेले, १९९६ पासून जागची हललेली नाही. आजींचे यजमान, तेही डॉक्टरच, गेले त्या वर्षापासून. टाकीचं झाकण उघडलं तर आतल्या पेट्रोलला वॉर्निशचा वास. मला ते ध्यान बघून रडू यायचं बाकी होतं. तुम्ही मात्र गुडघ्यावर बसून चुंबक सिलवर लावलंत आणि ते चिकटलं. दुसऱ्या बाजूला, चिकटलं. मधल्या खांबाच्या पायथ्याशी, चिकटलं. माझ्याकडे वळून तुम्ही फक्त भुवया उडवल्यात. त्यावेळचं तुमचं तोंड मी विसरणार नाही.

आजी म्हणाल्या, "साठ हजार द्या. भंगारवाला पस्तीस म्हणत होता." माझा हात खिशाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात तुम्ही, माझ्या बाजूने आलेले माझे मिस्त्री, मी घातलेल्या पेट्रोलवर आलेले, जमिनीवरून न उठता म्हणालात, "आजी, दीड लाखाच्या खाली ही गाडी कुणाला देऊ नगा. ह्यांना बी नगं."

मामा, त्या क्षणी मला तुमचा जो राग आला तो आज कबूल करतो. शेवटी १ लाख ६० हजारांना व्यवहार झाला, म्हणजे तुमच्या एका वाक्याने मला एक लाखाला पडलं. परतताना गाडीत मी अंकलीच्या पुलापर्यंत एक शब्द बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत, शेंगा खात बसला होतात. पुलावर म्हणालात, "तुमच्या आईची गाडी असती तर?" आणि परत शेंगा. आठ दिवस मी फोन केला नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती तुमच्या बाजूने. तोही राग तुमच्यावरच काढला.

नवव्या दिवशी आजींचाच फोन आला. त्यांनी पेटी उघडली होती. मूळ आरसी बुक, हाताने लिहिलेलं. जॅक आणि पाने त्यांच्या कापडी पिशवीसकट. एक जादा दाराची मूठ. आणि डॉक्टरांची वही. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक पंक्चर, तारखेनिशी. साठ हजारांत घेऊन गेला असतात तर ही पेटी मी काढली नसती, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. पेटी सोडा, कागदांचं काय झालं असतं? गाडी डॉक्टरांच्या नावावर, म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून माझ्या. दोन मुलगे परदेशात, त्यांची संमती हवी. माझ्यासारख्या अनोळखी माणसासाठी वकिलाकडे जाऊन सह्या करायला कोण बसलंय? थोरल्याने महिन्याभरात कागद पाठवले आणि सोबत लिहिलं, की आईला खरा भाव सांगणाऱ्या मिस्त्रींना नमस्कार सांगा. तो नमस्कार मी तेव्हा पोचवला नव्हता. आज पोचवतो.

तरी एक लाख ते एक लाखच. कधीकधी रात्री अजून आठवतात.

नंबराबद्दलही आभार राहिलेत. एजंट मला म्हणत होता, कशाला जुन्यात पडता, नवा घ्या. व्हिंटेज गाड्यांच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे नव्या नोंदणीला २० हजार फी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, हे त्याने सांगितलंच नव्हतं. तुम्ही पाटीवर अंगठा फिरवून म्हणालात, "बीएम हाय. मुंबई राज्य. महाराष्ट्र व्हायच्या आधीची हाय ही, घालवताय व्हय?" नाही घालवला. या व्हिंटेज नोंदणीवर रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल-दुरुस्तीला तेवढी काढायची. बायकोच्या मते या नियमातली ही एकच चांगली गोष्ट.

तुमच्या शेडमधले ते सात महिने मी सगळे लिहीत बसत नाही. जाम इंजिनाच्या चारही प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून तुम्ही चार दिवस तिला हात लावू दिला नाहीत. मग टॉप गिअरमध्ये टाकून आपण दोघं तिला पुढे-मागे झुलवत होतो, आणि पाचव्या की सहाव्या झोक्याला आत काहीतरी 'चिक' झालं आणि फॅन बोटभर फिरला. तुम्ही ओरडलात, "सोडा, सोडा, पुरे आज!" पोराने पहिलं पाऊल टाकावं तसे आपण दोघं त्या फॅनकडे बघत उभे होतो. बिजागऱ्यांच्या पिना कुठेच मिळेनात तेव्हा मी पुण्याचा जुना बाजार चार रविवार पालथा घातला, आणि तुम्ही त्या एका दुपारी लेथवर काढल्यात, गनमेटलच्या बुशांसकट. दर बुशाला तेलाची बारीक खाच पाडलेली. ती कोणाला दिसणार नाही म्हटलं तर म्हणालात, "दाराला कळतंय की." पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅमही तुम्ही हट्टाने बदललात, कारण आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं.

पुण्याला येताना सुरूर सोडल्यावर बोगद्याच्या चढाला तुमचं ऐकून आधीच थांबलो, बॉनेट उघडून अर्धा तास. एक ट्रकवाला उतरून आला, गाडीभोवती एक फेरी मारली, उलटं दार उघड-बंद करून बघितलं आणि विचारलं, "आजोबांची का?" मी हो म्हणालो. माफ करा.

मजुरीचा विषय काढला की तुम्ही सामानाची चिठ्ठी पुढे करता, तीही अर्धी. यावेळी ते चालणार नाही. पुढच्या रविवारी येतोय. वाटेत मिरजेला वळून आजींना घेणार आहे, त्यांना पुढच्याच सीटवर बसायचंय. डावं मागचं दार परत कुरकुरायला लागलंय, गनमेटलचा तुकडा बाजूला काढून ठेवा.

तुमचा,
पुण्याचा पावणा