विषय: वेकबोर्डच्या (बोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या फळीच्या खेळाच्या) बोटीला चुकीच्या पिचचा प्रॉपेलर देऊन वर बदलून न देणे

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आत्ताच तुमच्या माणसाशी बोलून फोन ठेवला. डोकं थंड होईपर्यंत थांबले असते तर हे पत्र जरा सभ्य झालं असतं.

बॅलास्ट (बोट जड करायला टाक्यांत भरायचं पाणी) वाढवला म्हणून कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर पुढे ढकलणारा पण जास्त वजन उचलणारा, प्रॉपेलर हवा होता. तुमच्या फॉर्ममध्ये इंजिन, गिअरचं गुणोत्तर, बॅलास्ट 1000 किलो, माणसं आठ, सगळं भरलं. निवड तुमच्या तज्ज्ञांनी केली. आधीचा सव्वाचौदा इंच पिचचा होता, तुम्ही पाठवलात 16 चा! वजन वाढलं म्हणून पिचही वाढवलात, असा हिशोब दिसतो. आता टाक्या भरल्या की नाक आभाळात, आणि बोट काही प्लेनवर येत नाही, म्हणजे उचलून पाण्यावरून सरकायला लागत नाही. फुल थ्रॉटलला इंजिन 4500 आरपीएमवर अडकतं. मॅन्युअल म्हणतं 5000 ते 5400. असं दाबून चालवत राहिले आणि इंजिन गेलं, तर भरपाई कोण देणार?

कॉल रेकॉर्ड करता ना? मग ऐकाच.

"मॅडम, बोट चालते ना?"

"चालते, पण टाक्या भरल्या की उचलत नाही."

"मग टाक्या रिकाम्या करून बघा. एकदम पळेल."

टाक्यांत पाणी आम्ही हौसेने भरत नाही. वजनाने बोट खाली बसते तेव्हाच मागे उडी मारण्याजोगी लाट उभी राहते. हे तुम्हाला सांगायला नको, पण त्याला कुणीतरी सांगा. मी गप्प झाले, तर म्हणतो, "टॉप स्पीड वाढला असेल की!" आम्ही ताशी 35 किलोमीटरच्या आसपास बोर्ड ओढतो. टॉप स्पीडचं काय लोणचं घालू? मग होल्ड, मग ते संगीत, आणि परत येऊन स्वारी सांगते, "टेक्निकल टीम म्हणते, चालवायची सवय व्हायला वेळ लागतो." म्हणजे खोट माझ्या हातात. टाक्या रिकाम्या करा म्हणे!

प्रॉपेलर "वापरलेला" म्हणून परत घेत नाही म्हणता. शाफ्टवर चढवून पाण्यात उतरवल्याशिवाय पिच चुकलाय हे कसं कळायचं, हुंगून? चारही पात्यांवर ओरखडा नाही, पात्यांची टोकाशी वळवलेली कड, म्हणजे 'कप', तोसुद्धा जसाच्या तसा आहे. फोटो आधीच पाठवलेत.

तुमच्या प्रॉपेलरचं नाव मी क्लबमध्ये चारचौघांना सुचवलं होतं. आता त्यांनाही सावध करणार.

सव्वाचौदापेक्षा कमी पिचचा, फॉर्ममध्ये दिलेल्या डाव्या फेऱ्याचा प्रॉपेलर सात दिवसांत पाठवा. उजव्या फेऱ्याचा पाठवलात तर फॉरवर्ड टाकल्यावर बोट मागे जाईल. तेव्हाही सवय करून घ्या म्हणाल. सात दिवसांत आला नाही तर पुढचं पत्र ग्राहक न्यायालयातून येईल.

उत्तर लेखी द्या. फोन नको.

एक ग्राहक
(ऑर्डरची पावती, टॅकोमीटरचे आणि पात्यांचे फोटो सोबत जोडले आहेत)