‘रक्ताशिवाय क्षमा नाही’ हे अर्धेच सत्य

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धर्मांच्या तुलनेवर जो लेख आला, त्याचा आशय असा होता की यहुदी धर्मात जनावराचे रक्त सांडले की पाप फिटायचे आणि ख्रिस्ती धर्माने ती प्रथा मोडून क्षमा सर्वांना ‘फुकट’ मोकळी करून दिली. एवढ्याशा विधानात दोन्ही धर्मांवर अन्याय झाला आहे. बायबल मराठीत सहज मिळत असताना ते न पडताळता असे छापले जावे याचे वाईट वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

बायबलचा जुना करार यहुदीही पवित्र मानतात. त्यातल्या लेवीय या पुस्तकाचे पहिले सात अध्याय वाचले तर तिथे एक नव्हे, पाच प्रकारची अर्पणे दिसतात: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण. लेखात या सगळ्यांना सरसकट ‘बळी’ म्हटले आहे. हिब्रूतला सर्वांना मिळून असलेला शब्द ‘कोर्बान’. तो ‘जवळ येणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. अन्नार्पणात जनावर नसतेच, पीठ आणि तेल असते. शांत्यर्पणाचे मांस आणणारा स्वतः आपल्या माणसांबरोबर खातो. पापाचा प्रश्न मुख्यतः शेवटच्या दोन अर्पणांत येतो आणि तिथेच लेखाची गफलत झाली आहे.

पापार्पण आहे ते नकळत घडलेल्या चुकीसाठी. चौथ्या अध्यायात हे पुन्हा पुन्हा सांगितले आहे. सामान्य माणसाने शेळी किंवा मेंढी, तीही मादी, आणायची. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, तिचा वध करायचा. याजक, म्हणजे विधी करणारा पुरोहित, बोटाने रक्त वेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना लावतो, उरलेले पायथ्याशी ओततो आणि चरबी जाळतो. ऐपत नसेल तर दोन होले किंवा कबुतराची दोन पिले चालतात. तेही परवडत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे दोन लिटर सपीठ, त्यात तेल आणि धूप न घालता. याजक त्यातली मूठभर वेदीवर जाळतो. पाचव्या अध्यायाच्या अकरा ते तेरा या वचनांत हे आहे आणि त्या गरिबाला क्षमा होईल असे तिथेच स्पष्ट म्हटले आहे. रक्ताचा थेंबही नाही! ‘रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही’ हे वाक्य नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे, नवव्या अध्यायातले. त्याच वाक्याच्या पूर्वार्धात ‘बहुतेक सर्व’ असे शब्द आहेत, पण ते उद्धृत करताना नेमके गळतात.

मग जाणूनबुजून केलेल्या पापाचे काय? गणना पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायानुसार उद्दामपणे, हात उगारून पाप करणाऱ्याला पापार्पणाची वाट मोकळी नाही. दुसऱ्याची ठेव बुडवली, लुबाडले, सापडलेली वस्तू नाकारून खोटी शपथ घेतली, अशा गुन्ह्यांसाठी दोषार्पण आहे, पण त्याआधी मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा मालकाच्या हातात पडला पाहिजे. साधा हिशेब केला तर 100 शेकेलवर 20. रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मपंडितांची, परंपरा मात्र हा पाचवा हिस्सा भरून होणाऱ्या एकूण रकमेचा धरते, म्हणजे 100 वर 25. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात, या क्रमाबद्दल कडक नियम आहे: लुबाडलेले आधी परत केले आणि दोषार्पणाचा मेंढा नंतर आणला तर चालेल, मेंढा आधी आणला आणि पैसे नंतर दिले तर ते अर्पण लागू पडत नाही. खोटी शपथ घेऊन लुबाडलेली रक्कम एका परुटाची, म्हणजे सर्वांत हलक्या नाण्याची असली, तरी ती मालकामागे दूरच्या मेदय देशापर्यंत नेऊन पोचवावी, असेही त्याच ग्रंथात आहे. याला ‘रक्त सांडले की पाप फिटले’ कसे म्हणायचे?

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि अर्पणे थांबली. क्षमेचा मार्ग तेव्हा बंद पडला नाही, कारण तो फक्त वेदीवरून जातच नव्हता. जुन्या करारातल्या योनाच्या पुस्तकात निनवे शहराच्या लोकांनी उपास केला, वाईट वाट सोडली आणि त्यांना क्षमा मिळाली. योनाच्या त्या गोष्टीत निनवेकरांचे एकही अर्पण नाही, आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे योम किप्पूर या वार्षिक उपासाच्या दिवशी, दुपारी सभास्थानात तीच वाचतात. अर्पणांच्या जागी त्यांच्या वेळांना धरून प्रार्थना आल्या. ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेय संदेष्ट्याचे वचन रब्बींनी आधाराला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूही तेच वचन दोनदा उच्चारतो, याचा लेखात उल्लेखही नाही.

यहुदी पश्चात्तापाचा शब्द ‘तशुवा’, म्हणजे परतणे. यहुदी धर्मपंडित मैमोनिदीसने (1138–1204) त्याचे टप्पे घालून दिले आहेत: पाप सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय, झाल्याची खंत, आणि हे सारे तोंडाने कबूल करणे. देवाविरुद्धच्या पापांना प्रायश्चित्ताचा दिवस पुरतो. माणसाविरुद्धच्या पापांना तो पुरत नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढलेली नाही. भरपाई करूनही क्षमा मागावी लागते. तो ऐकेना तर त्याच्या तीन मित्रांना घेऊन जायचे, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तरीही त्याने नाकारले तर मात्र दोष नाकारणाऱ्याकडे जातो. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर दहा माणसांना त्याच्या कबरीपाशी नेऊन तिथे कबुली द्यायची आणि देणे असेल ते वारसांना द्यायचे. सणाच्या तोंडावर सगळ्यांना एकच ठरावीक निरोप पाठवून क्षमा मागणे या चौकटीत बसत नाही, असे माझे मत आहे. कोणाचे काय नुकसान केले हेच त्यात नसते.

आता ख्रिस्ती बाजू. तिथे अर्पण रद्द झाले नाही, ते पूर्ण झाले असे मानतात, आणि हा फरक लहान नाही. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायाचा युक्तिवाद असा, की याजक रोज उभा राहून तीच अर्पणे करतो. ख्रिस्ताने एकदाच, कायमचे अर्पण केले आणि तो बसला, म्हणजे काम पुरे झाले. ते अर्पण नेमके कसे काम करते यावर चर्चमध्येच एकमत नाही. 1098 च्या सुमारास धर्मशास्त्रज्ञ अॅन्सेल्मने ते देवाच्या अवमानित प्रतिष्ठेची भरपाई म्हणून मांडले; सुधारणावाद्यांनी, म्हणजे पहिल्या प्रोटेस्टंटांनी, त्याला आपल्या वाट्याची शिक्षा त्याने भोगली असे रूप दिले; पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेचा भर मृत्यूवरच्या विजयावर आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1562 मध्ये मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा उपासनाविधी, हे तेच अर्पण रक्ताविना सादर होणे होय असे ठरवले, तर प्रोटेस्टंटांना ‘एकदाच’ या शब्दाला त्यामुळे बाध येतो असे वाटले.

क्षमा ‘फुकट’ या शब्दाबद्दलही. कॅथलिक पापनिवेदनात पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त हे तिन्ही लागतात, आणि धर्मगुरूने पापमुक्ती दिली तरी चोरलेले परत करण्याची जबाबदारी संपत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेले चौपट परत करीन म्हणतो. वेदीपाशी भेट घेऊन गेलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर भेट तिथेच ठेव, आधी समेट कर, असे येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. हे मिश्नेतल्या त्या मेंढ्याच्या नियमाच्या किती जवळचे आहे!

खरा मतभेद पुढे आहे. यहुदी दृष्टीने माझ्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा माझ्याच हातात आहे, माझ्या वतीने ती दुसरा कोणी देऊ शकत नाही. म्हणून खुनाचा प्रश्न तिथे इतका अवघड होतो: ज्याने क्षमा करायची तोच उरलेला नसतो. ख्रिस्ती दृष्टीने प्रत्येक अपराध अखेर देवाविरुद्ध असतो, देवाने ख्रिस्तात क्षमा केली आहे, आणि क्षमा मिळालेल्याने न मागताही क्षमा करावी. दगडांच्या वर्षावात मरणारा पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन मारणाऱ्यांसाठी प्रार्थना करतो, ते त्यांनी क्षमा मागितल्यावर नव्हे. या शिकवणुकीची ताकद मोठी आहे. तिचा दुरुपयोगही होतो: अत्याचार सोसलेल्याला ‘क्षमा कर’ म्हणून दटावले जाते आणि करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात क्रम असा आहे: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. पहिला भाग गाळून दुसरा सांगणे हे शास्त्राला धरून नाही.

शेवटी एक ठळक चूक. लेखात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, कोकराला ‘पापाचा बळी’ म्हटले आहे. निर्गमच्या बाराव्या अध्यायात ते एक वर्षाचे नर कोकरू किंवा करडू आहे, ते भाजून घरची माणसे रात्रीच खातात, आणि त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लागते ते सुटकेची खूण म्हणून. पापार्पणाचे कोकरू मादी, आणि त्याचे मांस खायचे याजकाने. योहानाच्या शुभवर्तमानात ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ म्हटले आहे, तिथे या वेगवेगळ्या प्रतिमा एकत्र आल्या आहेत आणि ती ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी आहे. ती यहुदी विधीचे वर्णन म्हणून छापली गेली आहे. पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती अवश्य द्यावी.

आपला,
एक वाचक