महाआवास निधी वाटून संपवू नका, फिरता ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २०३० पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ३५ लाख घरांचे उद्दिष्ट आणि त्यासोबत २० हजार कोटी रुपयांचा महाआवास निधी अशी ती घोषणा होती. चर्चा झाली ती ३५ लाखांच्या आकड्याची. माझ्या मते खरा प्रश्न निधीचा आहे. हा पैसा सरकार अनुदान म्हणून वाटणार, की बांधकामासाठी कर्जाऊ देऊन परत घेणार आणि पुन्हा पुढच्या प्रकल्पाला लावणार?

बँकेत गृहकर्जाचे काम बरीच वर्षे केल्यामुळे हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे इमारत उभी राहते ती बऱ्याच अंशी ग्राहकांच्या बुकिंगच्या पैशावर. रेरा कायद्याने (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) त्यातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले, हे चांगलेच झाले. उरलेली गरज बिल्डर महागडे कर्ज काढून भागवतो. आता याच इमारतीत काही घरे कमी किमतीत द्यायची म्हटली की त्या घरांमधून येणारा पैसा थोडा असतो आणि उशिरा येतो. व्याजाचे मीटर मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते. गरिबांची घरे अडतात ती इथे.

सरकारने आजवर दोन उपाय केले. पहिला, सक्तीचा. २०१३ पासून मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखायची, ती म्हाडाच्या सोडतीतून द्यायची. नियम योग्य आहे आणि तो राहायलाच हवा. पण मोठी जमीन कागदोपत्री ४,००० चौरस मीटरच्या आतल्या तुकड्यांत वाटून तो चुकवला जातो, ही तक्रार सर्वांना ठाऊक आहे. दुसरा उपाय अनुदानाचा. पंतप्रधान आवास योजनेच्या भागीदारी घटकात किमान २५० घरांच्या प्रकल्पात ३५ टक्के घरे दुर्बल घटकांसाठी असतील, तर त्या प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळत. घेणाऱ्या कुटुंबाला त्याचा आधार झाला यात शंका नाही. पण दिलेला पैसा सरकारकडे परत येत नाही, आणि बांधकाम चालू असतानाची पैशाची ओढ त्याने मिटत नाही.

साधा हिशेब मांडतो. घरामागे अडीच लाख अनुदान दिले तर २० हजार कोटी आठ लाख घरांत संपतील, म्हणजे उद्दिष्टाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी. त्याऐवजी घरामागे पाच लाख रुपये बांधकामाच्या काळापुरते अल्प व्याजाने दिले, बाकी रक्कम नेहमीच्या बँकेकडून उभी केली, आणि इमारत पूर्ण झाल्यावर सरकारचा पैसा परत घेतला, तर पहिल्या फेरीत चार लाख घरांना हातभार लागेल. दुसऱ्या फेरीत आणखी चार लाखांना, आणि तिसऱ्या फेरीसाठी निधी जवळपास शाबूत असेल. अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यात माँटगोमेरी काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २०२१ मध्ये नेमके हेच सुरू केले. १० कोटी डॉलरचा फिरता निधी काउंटीच्याच गृहनिर्माण संस्थेला दिला. बांधकामाच्या काळात पैसा द्यायचा, इमारतीत भाडेकरू आले आणि दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले की तो परत घ्यायचा. त्यातून उभ्या राहिलेल्या पहिल्या इमारतीत २६८ घरे आहेत. त्यातली बहुतेक बाजारभावाने, तर सुमारे ३० टक्के घरे कमी भाड्याने. बहुतांश मालकी सार्वजनिक संस्थेकडेच राहिल्याने भाडे किती वाढवायचे हेही तिच्याच हाती राहते.

हे परदेशी आहे, इथे जमणार नाही, असे कुणी म्हणेल. त्यांनी मुंबईतल्या चारकोपला जाऊन यावे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात चारकोप, गोराई, मालवणी इथे म्हाडाने लहान भूखंड कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिले, त्यांच्या सहकारी संस्था केल्या, आणि मोठे व व्यापारी भूखंड चढ्या दराने विकून तो खर्च भरून काढला. एकाच वसाहतीत वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसे राहू लागली. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी केलेल्या वसाहतीत तर सगळ्या उत्पन्न गटांच्या भूखंडांच्या आकारात फारसा फरकच ठेवला नव्हता. म्हणजे अनुभव आपल्याकडेच आहे. म्हाडा आणि सिडकोकडे जमीनही आहे. ती बिल्डरला देऊन बदल्यात मूठभर घरे मागण्यापेक्षा या संस्थांनी स्वतः मिश्र वसाहती बांधाव्यात आणि त्यातला काही भाग कायमचा भाड्याने ठेवावा. मुंबई महानगर प्रदेशात दुर्बल गटाची उत्पन्नमर्यादा वर्षाला सहा लाख आहे. एवढ्या मिळकतीत, त्यातही पगाराची स्लिप नसेल तर, सोडतीत नाव लागूनही बँकेत कर्ज मिळवताना माणूस रडकुंडीला येतो. अशा कुटुंबाला विकत घर परवडत नाही, रास्त भाड्याचे परवडते.

एका गोष्टीकडे धोरण करणाऱ्यांचे लक्ष कमी आहे, म्हणून ती जरा विस्ताराने लिहितो. ती म्हणजे मेंटेनन्स. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखे असते, घर ३० चौरस मीटरचे असो की १२० चे. सहकारी संस्थेऐवजी ‘अपार्टमेंट’ म्हणून नोंदणी असेल तर १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यानुसार ते मालकी हिश्श्याच्या प्रमाणात आकारले जाते. आता कल्पना करा, जलतरण तलाव, क्लब हाऊस, तीन पाळ्यांचे सुरक्षारक्षक असलेल्या संकुलात सोडतीतून आलेले कुटुंब शेजारच्या मोठ्या घराइतकेच शुल्क दर महिन्याला भरते. हप्ता भरणे जमते, हे जमत नाही. मग थकबाकी, नोटिसा, कटकटी, आणि शेवटी घर विकून किंवा भाड्याने देऊन बाहेर पडणे. हे टाळण्यासाठी बिल्डर दुर्बल गटाची इमारत मागच्या बाजूला, वेगळ्या फाटकाची करतात. मुले एकाच मैदानावर खेळतही नाहीत. त्याला मिश्र वसाहत म्हणणे मला पटत नाही.

म्हणून फिरत्या निधीतून कर्ज देतानाच अट असावी: सर्व उत्पन्न गटांना एकच प्रवेशद्वार आणि त्याच लिफ्ट, शुल्क क्षेत्रफळाच्या प्रमाणात, आणि चैनीच्या सोयींचा खर्च त्या वापरणाऱ्यांकडून. देखभालीसाठी प्रकल्पखर्चातूनच एक ठेव बाजूला ठेवावी. पैसा सरकारचा असेल तर या अटी घालण्याचा अधिकारही सरकारचाच आहे, आणि सक्तीच्या २० टक्क्यांत जे साधले नाही ते इथे साधता येईल.

अनुदान बंद करा असे मी म्हणत नाही. सर्वांत कमी मिळकतीच्या कुटुंबांना ते लागेलच, भाड्याच्या मदतीच्या रूपाने तर नक्कीच. फिरत्या निधीत धोकाही आहे: प्रकल्प रखडला तर पैसा अडकतो, आणि रखडलेल्या प्रकल्पांची यादी आपल्या राज्यात लहान नाही. त्यामुळे टप्प्याटप्प्याने रक्कम सोडणे, दर तिमाहीला किती पैसा दिला आणि किती परत आला हे संकेतस्थळावर टाकणे, आणि निधी अन्य खर्चांकडे वळवता येणार नाही अशी कायदेशीर तरतूद करणे आवश्यक आहे. महाआवास निधीच्या वापराचे नियम अंतिम करण्याआधी ते हरकती व सूचनांसाठी जाहीर करावेत, अशी गृहनिर्माण विभागाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक (निवृत्त बँक कर्मचारी)