'मग बॉम्ब ठेवले कुणी?': एका मित्रास पत्र

नाशिक

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तू विचारतोस, 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यातले बारा जण निर्दोष सुटले, तर मग बॉम्ब ठेवले कुणी? आणि पत्राच्या शेवटी लिहितोस की 21 मेच्या दहशतवादविरोधी दिनाला यंदा तुमच्या ज्युनिअर कॉलेजात नुसती शपथ न घेता मुलांशी आणि पालकांशी मोकळं बोलायचं आहे, तर मी यावं. तू हे दोन वेगळे विषय म्हणून लिहिलेस. मला ते एकच वाटतात. ते का, हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझा प्रश्न. 11 जुलै 2006 ची ती संध्याकाळ आपल्या पिढीतलं कुणी विसरलेलं नाही. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, ऐन घरी परतायच्या गर्दीत. 180 हून अधिक माणसं गेली, 800 च्या आसपास जखमी झाली. एटीएसने, म्हणजे राज्य पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने, तेरा जणांना पकडून त्यांच्यावर खटला भरला. 2015 मध्ये मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने त्यातल्या एकाला सोडलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यांच्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती मिळाली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलेलं नाही.

तू लिहितोस, 'तांत्रिक मुद्द्यांवर सुटले.' हे वाक्य सध्या सगळीकडे ऐकू येतं आणि वकील म्हणून इतकी वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला ते ऐकवत नाही. निकालात काय आहे बघ. आरोपींना पाहिलं म्हणणारे टॅक्सीवाले स्फोटांनंतर शंभरहून अधिक दिवसांनी पुढे आले. इतक्या दिवसांनी एखाद्या गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना कशामुळे लक्षात राहिला, याचं पटण्यासारखं कारण न्यायालयाला दिसलं नाही. ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. स्फोटकं जप्त केली म्हणतात, पण ती नीट सीलबंद ठेवली गेली नाहीत. आणि बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. यात तांत्रिक काय आहे रे? हाच तर पुरावा असतो.

कबुलीजबाबांचं तर वेगळं सांगायला हवं. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात पुरावा म्हणून चालत नाही. तो नियम इंग्रजांनीच केला, कारण आपले पोलीस तो कसा मिळवतात हे त्यांना ठाऊक होतं. 1999 च्या मोक्का कायद्याच्या कलम 18 ने त्याला अपवाद केला: अधीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब ग्राह्य. हा अपवाद मिळाला की तपासाचं काय होतं, ते या खटल्यात दिसलं. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतले भाग एकमेकांतून उतरवून घेतल्यासारखे निघाले, आणि ते छळ करून घेतल्याची आरोपींची तक्रार न्यायालयाला खरी वाटण्याजोगी होती. ज्याच्या हातात कबुलीजबाब आहे, तो बाकीचा पुरावा शोधायला कशाला उन्हात हिंडेल?

मग बॉम्ब ठेवले कुणी? विजय, आज तुला किंवा मला याचं उत्तर न्यायालयाचा आधार घेऊन देता येत नाही. ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांच्यावर एकोणीस वर्षांनी पुन्हा झालेला हा आघात आहे. उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच म्हटलंय, त्याचा आशय असा की गुन्हा उलगडल्याचा खोटा आभास तयार केला तर समाजाला फसवं समाधान मिळतं आणि खरा धोका मोकळाच राहतो. चिडलेल्या प्रत्येकाने निदान तेवढं वाचावं असं मला फार वाटतं.

आणि मग दहाच दिवसांनी, 31 जुलैला, मालेगावचा निकाल आला. 29 सप्टेंबर 2008 ला मालेगावच्या भिक्कू चौकात बॉम्बस्फोट झाला, सहा माणसं मेली. या खटल्यात तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले आणि सातही आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले. त्या दहा दिवसांत आपल्याभोवती काय चाललं होतं, ते आठव. पहिल्या निकालाला 'न्याय मेला' म्हणणारे दुसऱ्याला 'सत्याचा विजय' म्हणाले, आणि पहिल्यावर आनंदलेले दुसऱ्यावर संतापले. दोन्ही निकालांतून एकच गोष्ट ओरडून पुढे येत होती, की तपास नीट झाला नाही किंवा कोर्टात टिकला नाही. तिच्याबद्दल बोलणारे मला फारच थोडे भेटले. आरोपी कोणत्या धर्माचे, एवढं कळलं की बहुतेकांचं मत ठरत होतं. मेलेली माणसं त्या चर्चेत कुठेच नव्हती. भिक्कू चौकात मेली तीही नव्हती आणि लोकलमध्ये मेली तीही.

मालेगाव आपल्या जिल्ह्यातलं, म्हणून आणखी एक सांगतो, जे 2008 च्या गोंधळात झाकून जातं. त्याच्या दोन वर्षं आधी, 8 सप्टेंबर 2006 ला, शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक लोक गेले, बहुतेक नमाजाला आणि कबरींवर फुलं वाहायला आलेले. एटीएसने पकडले ते नऊ मुसलमान तरुण. पुढे एनआयएच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, तपासाने दुसऱ्याच एका गटाकडे बोट दाखवलं. या नऊजणांना 2011 च्या अखेरीस जामीन मिळाला, आणि 2016 मध्ये, तोवर हयात असलेल्या आठांना विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं. ज्या वस्तीतली माणसं मेली, त्याच वस्तीतली पोरं आरोपी म्हणून पाच-पाच वर्षं आत राहिली.

आता तुझ्या कार्यक्रमाकडे वळतो, कारण धागा इथेच जोडला जातो.

माझ्याकडे मालेगावचे बरेच पक्षकार येतात. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ जागेच्या दाव्यासाठी आले होते, यंत्रमागावर आयुष्य काढलेले. कागद दाखवून झाले तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, पोरगा रात्र रात्र मोबाइलवर असतो, कुठले कुठले कापाकापीचे व्हिडिओ बघतो, जुन्या मित्रांशी बोलत नाही, आईला म्हणतो तुम्ही सगळे झोपलेले आहात. घरात लग्न होतं तर गाणी लावली म्हणून निघून गेला. बापाला सगळं दिसत होतं. कुणाला सांगावं, एवढंच समजत नव्हतं. पोलिसांत ओळख आहे का कुणाची, असं मी विचारलं, तर ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "वकीलसाहेब, मी जाऊन सांगितलं आणि त्यांनी माझ्या पोरालाच उचललं तर?"

2006 चं सगळं त्यांना पाठ होतं. त्यांच्या गल्लीतलंच ते. मी काय सांगणार होतो? 'तसं होणार नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मला जे सांगायचंय ते हे. मुलगा बिघडतोय हे सर्वांत आधी घराला कळतं, मग मित्रांना, मग तुझ्यासारख्या शिक्षकाला. पोलिसांना ते सर्वांत शेवटी कळतं, बहुतेक वेळा उशीर झाल्यावर. म्हणजे रोखायचं असेल तर घरातून पोलिसांपर्यंत, किंवा निदान घरातून शाळेपर्यंत, एक वाट उघडी असायला हवी. आणि प्रत्येक खोटा आरोपी, प्रत्येक मारून घेतलेला कबुलीजबाब ती वाट बुजवतो. वाईट तपासाने निरपराध माणूस तुरुंगात जातो आणि खरा गुन्हेगार सुटतो, हे आपण बोलतो तरी. पुढच्या वेळी कुणा बापाने तोंड उघडलं असतं, तो गप्प बसतो, हे तिसरं नुकसान कुणी मोजत नाही.

उलटं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मे 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर म्हणून इराकला गेले आणि तिथून आयसिस या दहशतवादी संघटनेकडे. शिकलेली मुलं, चांगल्या घरची. ती हरवल्याचं पोलिसांना सांगितलं कुणी? घरच्यांनीच. एकजण त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर परत आला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. पुढे एटीएसने अशा वाटेवर असलेल्या मुलांना लगेच अटक न करता आधी समुपदेशन करायचं, त्यात आईवडील, धर्मगुरू, मानसोपचारतज्ज्ञ यांना घ्यायचं, असं काम हाती घेतलं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत आपल्या पोलिसांनी केलेलं ते सर्वांत शहाणपणाचं काम आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. त्यात सगळेच सुधारत नाहीत, हे खरं. पण ते चालतं केवळ विश्वासावर. अटकेची भीती वाटली तर कुठली आई मुलाला घेऊन तिथे जाईल?

तुझ्या मुलांशी बोलताना एक नक्की कर. हा विषय एका धर्माचा करू नकोस. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना मे 2024 मध्ये जन्मठेप झाली. तीही साध्या घरांतली तरुण पोरंच होती. कुणीतरी त्यांना पटवून दिलं असणार की एका म्हाताऱ्या माणसाला मारणं हे धर्मकार्य आहे. तिथेही तिघे पुराव्याअभावी सुटले, न्यायालयाने तपास यंत्रणेवर ताशेरे ओढले, आणि सूत्रधार कोण ते आजही अंधारात आहे. नावं आणि झेंडे वेगळे असतात, पण मुलाला ओढून नेण्याची रीत तीच. आधी एखादा खराखुरा अपमान किंवा अन्याय पकडायचा. तो खरा असतो, म्हणूनच पकड बसते. मग सांगायचं की हा तुझ्या एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. मग 'ते' कोण ते दाखवायचं. मग जुने मित्र, घर, गाणी, क्रिकेट, सगळं क्षुद्र ठरवायचं. आणि या सगळ्यात त्या मुलाला रोज वेळ देणारा, त्याचं ऐकून घेणारा एक कुणीतरी मोठा माणूस असतो, आता बहुधा फोनच्या पलीकडे. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की तो माणूस त्याचं ऐकतो. आपण ऐकत नाही.

आणि पालकांना खुणा सांगशील तेव्हा फार जपून. दाढी वाढवणं, टिळा लावणं, नमाज किंवा पूजा नेमाने करणं, यातली एकही खूण नव्हे. अचानक देवाकडे वळलेली किती पोरं आपण पाहिली आहेत, बहुतेक जण वर्षभरात नोकरीला लागतात आणि संसारात पडतात. माणसं तोडणं ही खूण आहे. दुसऱ्याच्या मरणाचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघण्यात आनंद वाटू लागणं ही खूण आहे. आपलं चुकत असेल अशी शंका यायची बंद होणं हीसुद्धा. तू चुकीच्या खुणा सांगितल्यास तर वर्गातली पोरं एकमेकांची टेहळणी करायला लागतील आणि ज्याच्याकडे लक्ष द्यायचं तो निसटेल.

मुलं तुला कसाबबद्दल विचारतील, हे मी लिहून देतो. त्यांना 26/11 चा खटला खोलात सांग. 166 माणसं मारली गेली. तुकाराम ओंबळेंनी नुसत्या हातांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून एकजण जिवंत सापडला. त्याला वकील दिला, साक्षी घेतल्या, सीएसटीवर वृत्तपत्र छायाचित्रकाराने जिवावर उदार होऊन काढलेले फोटो आले, हल्लेखोरांना पलीकडून हुकूम देणाऱ्यांची फोनवरची संभाषणं आली. मे 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2012 मध्ये ती कायम केली, 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. ज्या विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, त्यानेच कसाबबरोबरच्या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडलं आणि ते वरपर्यंत टिकलं. म्हणूनच कसाब दोषी होता, याबद्दल फारसं कुणाला बोट दाखवता आलं नाही.

तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती बिर्याणी. 'कसाबला बिर्याणी खाऊ घातली' हे आजही लोक तावातावाने सांगतात. त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं की कसाबने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूती तयार होऊ लागली होती, ती मोडायला आपण ते बोललो होतो, असं त्यांनी सांगितलं. मला हे फार गंभीर वाटतं. इतका भक्कम पुरावा असलेल्या खटल्यातसुद्धा चर्चेला खोट्याचा आधार घ्यावासा वाटला, तर कच्च्या खटल्यात काय होत असेल? वर्गात यावर अर्धा तास तरी दे.

मी येईन. फक्त दोन गोष्टी बघ. मुलांची आणि पालकांची सभा एकत्र ठेवू नकोस, आईबापासमोर मुलं काही विचारणार नाहीत. आणि पोलीस अधिकाऱ्यांना बोलावशीलच, तर त्यांना भाषण करायला सांगू नकोस. त्यांना पालकांबरोबर खाली खुर्चीवर बसव, आणि कुणी त्या मालेगावच्या बापासारखा प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर त्यांनी सगळ्यांसमोर द्यावं. असा अधिकारी जिल्ह्यात शोध. न मिळाला तर मला कळव, माझ्या माहितीत एकजण आहेत, नुकतेच निवृत्त झालेले, पण माणसं त्यांचं नाव चांगल्या अर्थाने काढतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरुण