गोव्यात विमानतळावर गाडी घेताना आधी पाटीचा रंग पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की गोव्याला निघालेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : विमानतळावरच स्वतः चालवायची गाडी घ्यावी, की टॅक्सीने मुक्काम गाठावा? ओला-उबरवर तिथे भिस्त ठेवता येत नाही आणि टॅक्सीचे दर ऐकून डोळे पांढरे होतात. मग गाडीचे दिवसाचे भाडे विचारले जाते आणि त्यावरच निर्णय होतो. तो तसा होऊ नये, म्हणून हे पत्र.

आधी तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते बघावे. जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातला मोपा सुरू झाला; मुरगाव तालुक्यातला जुना दाबोळीही चालू आहे. मोपाहून हरमल-मोरजी जवळ, पणजी सुमारे ३५ किलोमीटर आणि काणकोणचे पाळोळे शंभराच्या घरात. एकाच किनाऱ्यावर तीन दिवस लोळायचे असेल तर गाडी हॉटेलच्या दारात उभी राहते आणि भाडे चालू राहते. अशा वेळी जाता-येता टॅक्सी आणि गावात स्कूटर पुरते. सामान थोडे असेल तर मोपाहून कदंबच्या बसही आहेत. चौघे जण, सोबत वयस्क मंडळी, फोंड्याकडची देवळे, जुने गोवे आणि शेवटी दक्षिणेत मुक्काम, असा बेत असेल तर मात्र गाडीच घ्यावी.

हिशेब असा करावा. दिवस चोवीस तासांचा मोजतात. शुक्रवारी सकाळी अकराला घेतलेली गाडी सोमवारी दुपारी चारला दिली, तर वरच्या पाच तासांचा बहुतेक ठिकाणी चौथा दिवस लागतो. दिवसाला १५०० रुपये धरले तर ६००० भाडे. २५० किलोमीटर फिरणे आणि लिटरला १५ चा अॅव्हरेज धरला तर १७ लिटर पेट्रोल. त्यावर विमानतळावर गाडी आणून देण्याचे पैसे आणि तिथले पार्किंग वेगळे. आता प्रीपेड काउंटरवरचा मुक्कामाच्या गावाचा टॅक्सीदर दुप्पट करून शेजारी मांडा. पुष्कळदा टॅक्सीने गावात जाऊन दुसऱ्या दिवशी तिथेच गाडी घेणे स्वस्त पडते. रात्री उशिराचे विमान असेल तर हेच शहाणपणाचे, कारण अंधारात गाडीवरचे ओरखडे दिसत नाहीत.

मुख्य मुद्दा नंबरप्लेटचा. स्वतः चालवायला भाड्याने द्यायच्या पेट्रोल-डिझेल गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, ती भाड्याने देताच येत नाही. तरी पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास फिरतात, दोन-तीनशे रुपये स्वस्त मिळतात आणि चावी देताना वर सल्लाही मिळतो : “पोलिसांनी विचारलं तर मित्राची गाडी म्हणून सांगा.” पण परवान्याशिवाय गाडी धंद्याला वापरल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १९२-अ लागते. पहिल्याच वेळी दंड दहा हजार रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे, आणि ते कलम मालकाइतकेच चालवणाऱ्यालाही धरते. त्याहून मोठा घोळ विम्याचा. खासगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू नसते. गाडी ठोकली तर कंपनी हात वर करते आणि मालक दुरुस्तीचे सगळे बिल तुमच्याकडून वसूल करायला बघतो. वाचवलेल्या तीनशे रुपयांत हे बसत नाही. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की नोंदणी, विमा आणि पीयूसीची मुदत तिथल्या तिथे कळते.

काळी पाटी असली तरी डोळे मिटून सही करू नये. विमा असूनही नुकसानीत ग्राहकाचा वाटा किती, हा आकडा करारात लिहून घ्यावा. टायर, काच, गाडीचा तळ आणि हरवलेली चावी बहुधा विम्यात धरत नाहीत. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून सुरू करू नये. इंजिनात पाणी ओढले जाते आणि साध्या विम्यात ते नुकसान मिळत नाही. ताबा घेताना व्हिडिओ काढावा : पुढच्या बंपरची खालची कड, चारही चाकांच्या रिम, टायरच्या बाजू, आणि खास करून डावे दरवाजे. आतल्या गावांतले रस्ते अरुंद, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणे. चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे घासते ती डावी बाजू. स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना बघावा. किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा आणि वेळ एकाच फोटोत यावी. चलन नंतर मालकाच्या नावे येते. ते कुणाच्या ताब्यातले, हे या वेळेवरूनच ठरते. अनामत म्हणून मूळ लायसन्स कधीही ठेवू देऊ नये.

मोपाहून महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून सावंतवाडी किंवा आंबोलीचा मोह होतो. परवाना गोव्यापुरता असेल तर हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडू नये. राज्याबाहेर नेण्याची परवानगी करारातच हवी. वाळूत गाडी घालणे तर गुन्हाच आहे, दर हंगामात कुणी ना कुणी रुततोच.

गोव्याच्या वाहतूक खात्याला दोन गोष्टी सहज करता येतील. दोन्ही विमानतळांवर सामानाच्या पट्ट्यापाशी काळ्या पाटीचे चित्र असलेला ठळक फलक मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावावा. आणि गाडी देता-घेताना भरायचा एकच छापील नमुना सर्व परवानाधारकांना सक्तीचा करावा, त्यात ग्राहकाच्या जबाबदारीच्या रकमेचा रकाना सहीच्या अगदी वर असावा.

आपला,
एक वाचक, म्हापसा