स्टुडंट १४ चं नाव विचारणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

सौदे आटोपले, शटर अर्धं खाली ओढलं आणि लिहायला बसलो. माझा बदल तुम्ही मर्ज केलात, म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आत घेतलात, त्याला आज तिसरा दिवस. पुल रिक्वेस्टखाली (बदल आत घ्या म्हणून केलेल्या विनंतीखाली) 'थँक्यू' लिहून टाकलं होतं, पण मन काही भरलं नाही.

इतरही कुणी हे वाचेल म्हणून सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. आमचे हिशेब तुम्ही सांभाळता त्या मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वाचून सुधारू शकतो अशा सॉफ्टवेअरवर, चालतात. त्यात 'कऱ्हाड' टाकून शोधलं की निम्मे शेतकरी यायचे, निम्मे गायब. शेठना वाटायचं, मीच नोंदी बुडवल्या. खोड निघाली त्या 'ऱ्हा'त. हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवलं जातं. एकात युनिकोडमधला वेगळा 'ऱ' असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी गावं. माझ्या आधीचे दिवाणजी एका कीबोर्डावर लिहायचे, मी दुसऱ्या. आणि हे एका कऱ्हाडपुरतं नाही. 'शेतकरी' सापडतो, पण 'शेतकऱ्याचे येणे' म्हटलं की तोच घोळ. मराठी माणसाच्या हिशेबात शेतकऱ्याला विभक्ती लावायची नाही म्हणजे कमालच झाली.

हे दुरुस्त होऊ शकतं हे कळायला मला वर्ष लागलं. संगणकाच्या ज्या क्लासला फी भरली तिथे गिटचा (कोडमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) एकच तास झाला आणि त्या दिवशी सर रजेवर होते. क्लास बंद पडला तेव्हा उरलेल्या फीच्या बदल्यात त्यांनी एक जुना लॅपटॉप गळ्यात मारला. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या दोस्ताला विचारलं तर म्हणाला, 'अरे, ते लोक वेगळे असतात, तू कशाला त्यात पडतोस?' दुसऱ्या एका प्रकल्पाला हीच चूक लिहून कळवली, तर उत्तर आलं 'माझ्याकडे चालतंय', आणि तक्रार बंद. कऱ्हाड कुठे आहे हे तरी त्यांनी पाहिलं का, देव जाणे.

मग तुमच्याकडे आलो. पहिल्या खेपेला मी काय पाठवलं होतं ते आठवलं की अजून कान गरम होतात. बदल अकरा ओळींचा, आणि सोबत अडतीस फायली! कोड लिहायच्या एडिटरनं सगळीकडच्या मोकळ्या जागा परस्पर 'नीट' करून टाकल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर न वाचताच परत केलं असतं. तुम्ही लिहिलंत, 'एका वेळी एकच गोष्ट पाठवा, म्हणजे मला नीट वाचता येईल. आणि कऱ्हाडची ती टेस्ट ठेवा, ती फार चांगली आहे.' टेस्ट म्हणजे 'कऱ्हाड' नीट सापडतं का ते तपासणारी चाचणी. माझ्या कामाला 'चांगलं' म्हणणारं ते पहिलं वाक्य.

पण पत्र लिहायला बसलो ते त्याच्यासाठी नाही.

सगळं मार्गी लागल्यावर, मर्जचं बटण दाबायचं तेवढं उरलं असताना तुम्ही थांबलात. तोवर आपलं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. तुम्ही अचानक मराठीत विचारलंत, 'या कमिटवर स्टुडंट १४ असं नाव आहे. हे तुमचं नाव आहे का? नसेल तर बदलून पाठवा, मी थांबते. मराठीत लिहिलंत तरी चालतं.'

कमिट म्हणजे गिटमध्ये नावानिशी नोंदलेला बदल, आणि स्टुडंट १४ म्हणजे तो क्लासचा लॅपटॉप. गिटमध्ये त्यांनी प्रत्येक मशीनला नंबर घालून ठेवले होते आणि मी ते कधी पाहिलंच नव्हतं. नाव बदलताना दोनदा चुकलो. एकदा तर माझाच बदल पुसून बसलो होतो, ते सगळं इथे उगाळत नाही. तुम्ही चार दिवस थांबलात. एकदाही 'झालं का?' म्हणून विचारलं नाहीत.

आमच्या यार्डात सौद्याला माल लागतो तेव्हा ढिगावर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी असते. हळद कितीही पिवळीधमक असो, चिठ्ठी नसेल तर ती कुणाची? चिठ्ठी हरवली की म्हातारा शेतकरी ढिगापाशी कसा उभा राहतो ते मी पाहिलंय. हात लावत नाही, बाजूलाही होत नाही. तुम्हाला यार्ड ठाऊक असेल-नसेल, पण तुम्ही ती चिठ्ठी शोधलीत.

नंतर वाचलं की लिनक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याच्या नावानिशी सहीची ओळ मागायला सुरुवात केली. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये गिट लिहिलं, त्यातही बदल लिहिणारा आणि तो आत घेणारा अशी दोन नावं वेगळी राहतात. म्हणजे सोय आधीपासून होतीच. पण सोय असणं वेगळं आणि कुणीतरी थांबून विचारणं वेगळं. दिवसभराची नोकरी करून रात्री अनोळखी लोकांच्या चुका वाचत बसणारी तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचे हिशेब चालतात. पैसा नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. आमच्याकडे नगरसेवक बाकडं दिलं तरी त्यावर नाव रंगवतात, आणि तुम्ही स्वतःचं सोडून माझ्या नावासाठी खोळंबलात.

गिटमध्ये 'ब्लेम' म्हणजे 'दोष' नावाची एक आज्ञा आहे. कुठली ओळ कुणी लिहिली ते ती सांगते. काल रात्री ती चालवली. अकरा ओळी, आणि अकराही ओळींपुढे माझं नाव, देवनागरीत. दोषाची यादी इतक्या आनंदानं कुणी वाचली नसेल. शेठना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, 'कऱ्हाड' शोधून पाहिलं, पूर्ण यादी खालीपर्यंत नेली आणि म्हणाले, 'चहा सांग.' आमच्या शेठच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

ताई, तुम्ही कुठे राहता मला ठाऊक नाही. नको म्हणू नका, पत्ता तेवढा कळवा. यंदाची राजापुरी हळद चांगली उतरली आहे, दोन किलो बाजूला काढून ठेवली आहे. दळून पाठवू की हळकुंडंच, तेवढं लिहा.

तुमचा,
मार्केट यार्डातला दिवाणजी
(पूर्वीचा स्टुडंट १४)
सांगली