जुन्या वस्तूला पावती नको का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भंगारअड्ड्यांविषयी आपल्याकडे वरचेवर वाचायला मिळते. मात्र त्यांच्याहून अगदी वेगळी असलेली, वापरलेल्या पण वापरण्याजोग्या वस्तू विकणारी जी दुकाने गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव अशा शहरांत आणि हमरस्त्यांच्या कडेला आहेत, तिथे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला काय अनुभव येतो याची चर्चा फारशी होत नाही. माझ्या घरातले जेवणाचे टेबल, शिलाई मशीन, मुलांच्या खोलीतली पुस्तकांची मांडणी असे अर्धेअधिक सामान गेल्या वीसेक वर्षांत अशाच दुकानांतून आले आहे. त्यामुळे हे पत्र या दुकानांविषयीच्या आपुलकीने लिहीत आहे, हे आधीच नमूद करते.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पावसाळ्यात पांघरुणे कोरडी राहावीत म्हणून मी एक जुने सागवानी कपाट ९,५०० रुपयांना घेतले. पॉलिश इतके ताजे होते की बोट टेकवले तर किंचित चिकटत होते. “बाय, असले लाकूड आता मिळायचे नाही,” असे दुकानदार म्हणाला, आणि दारांपुरते ते खरेही होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सर्वांत खालच्या खणाखाली फिकट पिवळी, मैद्यासारखी बारीक पूड दिसली. ती झाडून काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढीच. खण बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा लक्षात आले की पुढची बाजू सागाची असली तरी पाठीला आंब्याच्या फळ्या ठोकलेल्या आहेत आणि त्यांच्या खालच्या कडेला मोहरीएवढी भोके आहेत. त्यांतली बरीचशी भोके लांबी (पुट्टी) भरून, वरून रंग देऊन बुजवलेली होती. आमच्या सुतारमेस्तांनी एका ठिकाणी पेचकस टेकवला, तो बोटभर आत गेला. लाकूड पोखरणारे भिरूड लागले होते.

दुकानदाराकडे गेले, तर “जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, बोर्ड वाचला नाही काय?” एवढेच उत्तर मिळाले. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी होती. माझ्या हातात पावती म्हणून होता तो वहीचा फाडलेला चतकोर कागद, ज्यावर फक्त रक्कम लिहिली होती. दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, वस्तू कोणती तेही नाही. नव्या फळ्या बसवायला मला आणखी ३,८०० रुपये पडले. पैशांपेक्षा अधिक लागली ती गोष्ट ही की, भोके ज्याने बुजवली त्याला ती आधी दिसली होती.

याच्या अगदी उलट अनुभव मला सासष्टीतल्या एका छोट्या दुकानात आला. तिथल्या बाई प्रत्येक वस्तूला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधतात. मी घेतलेल्या लिहिण्याच्या टेबलावर पेनने लिहिले होते, ‘मागचा डावा पाय सांधलेला. खण पावसात अडकतो.’ किंमत २,२०० रुपये. दरवर्षी आषाढ लागला की तो खण खरोखरच अडकतो, आणि एकदाही मला फसवले गेल्यासारखे वाटलेले नाही.

‘जुन्या मालाची जबाबदारी नाही’ हा समज आपल्याकडे इतका पक्का बसला आहे की गिऱ्हाईकही तो मान्य करून टाकते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकाची व्याख्या करताना वस्तू नवी की जुनी असा भेद केलेला नाही. वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे तर अनुचित व्यापारी प्रथेत मोडतेच. शिवाय विकलेल्या मालाची पावती न देणे, आणि सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हेही त्याच कलमात येते. अर्थात वापराने आलेली झीज म्हणजे दोष नव्हे. चाळीस वर्षांच्या कपाटाची बिजागरी कुरकुरणारच. पण विकणाऱ्याला ठाऊक असलेली आणि झाकलेली खोट त्या झिजेत धरता येत नाही. आणि पावतीच नसेल, तर वस्तू काय सांगून विकली हे ग्राहकाने सिद्ध तरी कशाच्या आधारावर करायचे? जुनी दुचाकी घेताना आपण आरसी पाहतो, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पैसे देत नाही. मग कपाट, मिक्सर किंवा शिलाई मशीन घेताना साधी पावती मागायला आपण का संकोचतो?

आणखी एक गोष्ट मनाला टोचली म्हणून लिहिते. फोंड्याजवळच्या एका दुकानात, भाड्याच्या खोलीत नुकतेच बिऱ्हाड मांडलेले एक तरुण जोडपे टेबलफॅन घ्यायला आले होते. तो चालवून दाखवा म्हणाले, तर प्लग आत आहे, घरी नेऊन बघा, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच वेळी, नूतनीकरण केलेल्या बंगल्यासाठी चिनीमातीच्या बरण्या निवडायला आलेल्या मंडळींना तोच माणूस एकेक बरणी फडक्याने पुसून, उजेडात फिरवून, कुठे चरा नाही ना हे दाखवत होता. बरणीला चरा असला तर फार तर लोणचे नासेल. पण पंख्याची वायर आतून उघडी असली तर शॉक बसेल. विजेची वस्तू गिऱ्हाइकासमोर किमान पाच मिनिटे चालवून दाखवलीच पाहिजे. जुन्या मोबाइलच्या बाबतीत तर तपासणीची सोय सरकारनेच केली आहे: स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की आयएमईआय, म्हणजे त्या संचाचा ओळख क्रमांक दिसतो, आणि ‘केवायएम’ लिहून पुढे तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला की संच काळ्या यादीत आहे काय ते कळते. दुकानदाराने हे आपणहून करून दाखवावे.

यात गिऱ्हाइकांचाही दोष आहे, तो लपवून उपयोग नाही. सासष्टीतल्या त्या बाई म्हणाल्या की, पुठ्ठ्यावर खोट लिहिली की लोक तीच पुढे करून पुन्हा घासाघीस करतात, जणू किंमत ठरवताना ती धरलेलीच नाही. खरे बोलणाऱ्याला अशा रीतीने तोटा होत राहिला, तर लांबी भरणारेच टिकतील.

गणेश चवथीच्या आधी घरे सजवायची म्हणून या दुकानांत गर्दी वाढते. त्यापूर्वी राज्याच्या नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याने जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांना दोन गोष्टी स्पष्टपणे कळवाव्यात, अशी विनंती आहे: पावतीवर वस्तूचे वर्णन आणि माहीत असलेली खोट लिहावी, आणि दुकानात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक दिसेल असा लावावा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, हेही त्याच पाटीवर मराठीत आणि कोकणीत असावे. माझ्याकडचा तो चतकोर कागद आणि पुठ्ठ्याचा तुकडा, दोन्ही मी जपून ठेवले आहेत. खात्याला नमुना म्हणून हवे असतील तर आणून देईन.

आपली,
एक वाचक, फोंडा